पिणाऱ्याचा परवाना काढून टाका, आडवी बाटली मात्र राहू द्या

तळटीप

महाराष्ट्रात दारू विकायला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. प्यायलाही लागतो, हे पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावीही नसतं. दुकानातून बाटली घेणं, ती घरी नेणं, कपाटात ठेवणं, स्वतःच्या गच्चीत बसून पिणं, या प्रत्येक गोष्टीसाठी कायद्याने कागद जवळ हवा. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, वर्षाचा शंभरला आणि आजन्म परवाना हजार रुपयांना मिळतो. बिअर आणि वाईनसाठी वय २१, त्याहून कडक मद्यासाठी २५. महिन्याला १२ युनिटांची मर्यादा.

मी फौजदारी वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअर आहे. दारूबंदी अधिनियमाची प्रकरणं आमच्या टेबलावर सतत येतात, आणि त्यातल्या कितीतरी प्रकरणांत मला खरोखर वाईट वाटतं. एक नमुना सांगते. मुलाचं वय २४. परवानाधारक दुकानातून व्हिस्कीच्या दोन बाटल्या घेतल्या, बिल खिशात. मित्राच्या हळदीला निघाला होता. नाकाबंदीत डिकी उघडली. प्यायलेला नव्हता, फुंकून दाखवायलाही तयार होता. पण परवाना नाही आणि वयही बसत नाही. "पासष्ट ई लावू का?" म्हणजे याच अधिनियमाचं, बेकायदा दारू जवळ बाळगल्याचं कलम; एवढं विचारलं गेलं. पुढे काय झालं ते इथे लिहायची गरज नाही, सगळ्यांना कळतं. दुकानदाराने वय पाहिलं नाही, परवाना मागितला नाही, त्याला कोणी काही विचारलं नाही.

हे असं का आहे? १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम मुळात संपूर्ण दारूबंदीसाठी लिहिला गेला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, मोरारजी देसाई गृहमंत्री. त्याआधी १८७८ चा अबकारी कायदा होता, तो महसुलासाठी. नव्या कायद्याने गाडी उलटी वळवली: दारू करणं, ठेवणं, नेणं, विकणं, विकत घेणं, पिणं, सगळं मना. ज्याला सूट हवी त्याने परवाना घ्यावा. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि कोलनवॉटरसारख्या प्रसाधनांवरची बंदी काढली, बाकी कायदा बहुतांशी उचलून धरला. साठच्या दशकात सरकारने धोरण सैल केलं. दुकानं आली, परमिट रूम आल्या. कायदा मात्र बंदीचाच राहिला. मधल्या काळात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' एवढा शब्द बदलला.

म्हणजे आज सरकार दारूवर कर घेतं, दुकानाला परवाना देतं आणि गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून उतरलं की त्याला गुन्हेगार ठरवायची सोयही हाताशी ठेवतं. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत घरपोच दारूला परवानगी दिली, तीही फक्त परवानाधारकांना. तेव्हा लोकांनी धडाधड ऑनलाइन परवाने काढले. जो कागद फोनवर बसल्या बसल्या निघतो, तो कोणाचं पिणं कमी करणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: पिणाऱ्याचा परवाना रद्द करा. वयाची अट दुकानदाराच्या गळ्यात बांधा, आणि ती मोडली तर त्याचा परवाना जाऊ द्या. पण याच कायद्याच्या पोटातून आलेली एक गोष्ट, गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का यावर बायकांनी करायचं आडव्या बाटलीचं मतदान, ती कोणीही काढू नये. उलट ती सोपी करायला हवी. तुमचे अनुभव लिहा.

खडीसाखर

परवाना काढला तर पोलिसांच्या हातात राहणार काय? आमच्या वस्तीत संध्याकाळी जे चालतं ते तुम्हाला माहीत नसेल. घरी जाऊन बायकोला मारणाऱ्या माणसाला निदान या कायद्याखाली उचलता तरी येतं.

तळटीप

खडीसाखर, तुमची काळजी अगदी खरी आहे. पण त्याला उचलायला परवान्याचं कलम लागतच नाही. सार्वजनिक जागी नशेत धिंगाणा घातला तर याच अधिनियमाचं कलम ८५ आहे, ते मी काढा म्हणत नाही. घरात मारहाण केली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, भारतीय न्याय संहितेत पतीच्या क्रूरतेचं कलम आहे. पिऊन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं १८५. ही कलमं माणसाने काय केलं ते पाहतात, परवान्याचं कलम फक्त खिशात कागद आहे का ते पाहतं. बायकोला मारणाऱ्याकडे हजार रुपयांचा आजन्म परवाना असला, तर त्या कलमाखाली तो स्वच्छ सुटतो. अधिकाऱ्याचा वेळ नाकाबंदीत डिक्या तपासण्यात गेला तर तुमच्या वस्तीत कोण येणार?

बोंडू

दोडामार्गाकडचा आहे, म्हणून आमच्याकडचं सांगतो. मार्च-एप्रिलात काजूच्या बागेत गेलात तर झाडाखाली बोंडांचा सडा पडलेला असतो. बी काढून घेतली की बोंडू फेकायचा. काही गोव्यात जातो, बाकीचा तिथेच सडतो, माशा घोंघावतात. चार मैलांवर गोव्यात तोच बोंडू मळून, रस काढून, आंबवून त्याची हुर्राक आणि फेणी होते. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे तिथल्या सरकारने फेणीला वारसा पेय म्हणून मान दिला. झाड तेच, माती तीच, पाऊस तोच. मध्ये एक रेघ.

तिकडे वय १८, परवाना बिरवाना काही नाही. इकडे २५. तिकडे दुकानातून राजरोस विकत घेतलेली बाटली पत्रादेवीला हद्द ओलांडून इकडे बांद्यात आली की मुद्देमाल होते. महाराष्ट्राचा कर बुडतो म्हणून मोठ्या ट्रकवर कारवाई व्हावी, ती झालीच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गोव्यात माहेर असलेल्या सुनेच्या पिशवीत काकाने दिलेली एक फेणीची बाटली निघाली म्हणून तिला उतरवून ठेवलेलं मी स्वतः बघितलंय. पोरगं कडेवर होतं तिच्या.

शेतकऱ्याला बोंडापासून रीतसर काही करता आलं, छोट्या प्रमाणात, सोप्या परवान्यावर, तर आमच्या भागात पैसा राहील. मला हे फार मनापासून वाटतं.

सयाजीगंज

बडोद्याहून लिहितोय. तळटीप ताईंनी १९४९ चा उल्लेख केला म्हणून सांगतो, आमच्याकडे अजून तोच कायदा चालू आहे. १९६० ला राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने बंदी खरोखर ठेवली. इथे तब्येतीसाठी परवाना मिळतो, चाळिशीच्या पुढच्या माणसाला, डॉक्टरांच्या तपासणीनंतर. बाहेरून येणाऱ्याला पाहुण्याचा परवाना वेगळा. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या व्यापारी वसाहतीत तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी सूट दिली.

बंदी पटो न पटो, इथे परवान्याला निदान काहीतरी अर्थ आहे. महाराष्ट्रात बंदी गेली आणि परवाना मागे राहिला. खांबच नाही आणि तणावा ताणून बांधलेला, असं ते दिसतं आम्हाला.

मात्र बंदीचं कौतुक करायलाही मी तयार नाही. २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, २०२२ मध्ये बोटाद भागात पुन्हा तेच. सगळी हातावर पोट असलेली. पैसेवाल्याच्या घरी बाटली पोचतेच.

वैनगंगा

सयाजीगंज, विषारी दारूने माणसं मरतात ती फक्त बंदीमुळे, असं म्हणू नका. २०१५ ला मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली, तिथे बंदी नव्हती. मिथेनॉल स्वस्त आणि परवान्याची दारू महाग, म्हणून मेली.

मी गडचिरोली जिल्ह्यातली. आमच्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे. वर्ध्यात १९७४ पासून, सेवाग्राममुळे. चंद्रपुरात २०१५ च्या १ एप्रिलपासून होती, २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने उठवली. ती बंदी कोणी वरून दिली नव्हती. २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीच्या कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामींबरोबर बाया चिमूरहून नागपूरला पायी गेल्या, विधानभवनापर्यंत. ज्यांनी ती मिळवली त्यांना उठवताना कोणी विचारलं? समिती नेमली, अहवाल आला, निर्णय झाला. बाटल्या आधीही मिळत होत्या, अवैध धंदा वाढला, पोलीस थकले, हे कारण सांगितलं. मग चोरी थांबत नाही म्हणून चोरीचा कायदा रद्द करतो का कोणी?

बंदी असली म्हणजे दारू नसते, असं मी म्हणणार नाही. पण बाईच्या बाजूने काहीतरी लिहिलेलं असतं. आमच्या गावची संघटना नाल्याच्या काठाने फिरते. पाचोळ्याखाली, मातीत गळ्यापर्यंत पुरलेले ड्रम असतात, त्यात मोहाचा सडवा. काठीने जमीन ठोकत जायचं, पोकळ आवाज आला की उकरायचं. झाकण काढलं की असा आंबूस भपकारा येतो की डोळ्यांतून पाणी येतं. मग सगळ्या मिळून ड्रम आडवा करायचा. गाळणारा आपलाच कोणीतरी असतो, पुतण्या, दीर. रात्री शिव्या ऐकाव्या लागतात. तरी बाया जातात, कारण कायदा आपला आहे हे त्यांना माहीत आहे. २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाचं काम सुरू आहे, त्यात गावागावांत अशा संघटना उभ्या राहिल्या, व्यसन सोडवायचे दवाखाने भरू लागले.

एका बाबतीत मात्र तळटीपशी मी पूर्ण सहमत आहे. या कायद्याने मोहाच्या फुलालाच गुन्हेगार केलं होतं. फूल वेचणं, साठवणं, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, सगळ्यावर बंधनं. पहाटे उठून टोपली भरणाऱ्या आजीला ते फूल सुकवून भाजी-भाकरीत घालायचं असो की बाजारात विकायचं असो, भीती असायची. पडेल भावात व्यापाऱ्याला देऊन टाकावं लागायचं. २०२१ मध्ये सरकारने ती बंधनं उठवली. सत्तर वर्षं लागली. आणि सणाला, लग्नाला, देवाला मोहाची दारू लागते, ती आदिवासींची रीत आहे. पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा नियमन करायचा अधिकार दिला आहे. गावाने बसून ठरवावं, मुंबईने नाही.

मावळतीचा वारा

इंडियानातून एक भर घालते. इकडे २०१८ च्या मार्चपर्यंत रविवारी दुकानातून दारू विकत घेता येत नव्हती, कारण रविवार देवाचा. आताही रविवारी दुपारी १२ ते रात्री ८ एवढाच वेळ आहे. पेट्रोल पंपावरच्या दुकानात बिअर मिळते, पण थंड केलेली विकता येत नाही. थंड हवी तर दारूच्या दुकानातच जायचं. वर्षानुवर्षं यात बदल होऊ देत नव्हते ते दारूच्या दुकानांचेच मालक. स्पर्धा नको म्हणून. जुना कायदा टिकतो तेव्हा त्यातून कमाई कोणाची होते ते बघावं.

तळटीप

मावळतीचा वारा, हे आमच्याकडेही लागू आहे. महाराष्ट्रात १९७३ पासून नवीन वाईन शॉपचे परवाने देणं बंद झालं, म्हणजे ज्याला एफएल-२ म्हणतात ते. दारू वाढू नये हा हेतू. पण झालं असं की जे जुने परवाने होते त्यांची किंमत वाढत गेली. हस्तांतर कोटींत होतं. लोकवस्ती वाढेल तिकडे दुकानाचं स्थलांतर होतं. दारू कमी झाली नाही, त्याच काळात परमिट रूम आणि बिअर शॉपी वाढत गेल्या. फायदा झाला तो मूठभर घराण्यांचा. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, तो निर्णय तिथेच थांबला. त्या वादात सगळे वाईनवर बोलले, पिणाऱ्याच्या परवान्यावर एकही जण बोलला नाही, याचं मला तेव्हाही फार वाईट वाटलं होतं.

फूटपट्टी

'कुठे' विकावी यावर बोलायचं तर महामार्गाचं उदाहरण घ्या. २०१६ च्या १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असं सांगितलं, अंमल २०१७ च्या १ एप्रिलपासून. वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावांना ती मर्यादा २२० मीटर केली. हेतू उत्तम, पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे माणसं मरतात. पण मोजणार काय, तर अंतर. केरळात पारवूरला एका बारने दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत नागमोडी वाट बांधली. माणूस भिंतींमधून वळसे घेत घेत आत जाणार, म्हणजे पायी अंतर मर्यादेच्या पलीकडे जाणार. बार तिथल्या तिथे. काही राज्यांनी शहरातले महामार्ग कागदावर शहराचे रस्ते करून टाकले. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना तो आदेश लागू नाही असं स्पष्ट केलं.

मी मोजणीच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे. टेप कुठून कुठे धरायची यावर वाद घालता येतो, म्हणून लोक टेपवरच वाद घालत बसतात. पिणाऱ्या ड्रायव्हरला रात्री अडवून तपासलं तर वाद उरत नाही.

शिवारातली

मी आडव्या बाटलीबद्दल लिहिते, कारण धाग्याच्या नावात ती आहे आणि ती प्रत्यक्षात कशी होते हे फार कमी जणांना माहीत आहे.

आमच्या गावात देशीचं दुकान शाळेच्या वाटेवर. बायकांनी ठरवलं बंद करायचं. नियम असा की गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी अर्ज द्यायचा. सह्या गोळा करायला आम्ही रात्री जायचो, दिवसा नवरे बघतात म्हणून. मग पडताळणी. प्रत्येक बाईला बोलावून विचारतात, ही सही तुझीच ना? इथेच अर्ध्या गळतात. दुकानदाराची माणसं बाहेर उभी, सासरा दारात उभा. जी रात्री अंगठा देऊन गेली ती दिवसा म्हणते, मला आठवत नाही.

पडताळणी पार पडली तर मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळतं, ते फार चांगलं केलंय. पण जिंकायला किती मतं लागतात? झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही. यादीत जेवढ्या महिला आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त. म्हणजे जी बाई आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. यादीत मेलेल्या बायका आहेत, लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत. आणि आमचं गाव ऊसतोडीचं. दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यावर. मतदान लावलं ते नेमकं थंडीत. आलेल्या बायकांनी जवळपास सगळ्यांनी आडवीवर शिक्का मारला, तरी आम्ही हरलो. त्या रात्री दुकानासमोर फटाके वाजले.

पुढे आम्ही हट्टाने पाडव्यानंतरची तारीख मागितली. टोळ्या परत आल्या होत्या. बायका कोयते घरात ठेवून सरळ रांगेत आल्या, अंगावरचं पाचटही झटकलं नव्हतं. आडवी जिंकली.

दुकान बंद झालं. परवाना बंद झाला नाही. काही काळाने तोच परवाना आमच्या फाट्यावर, शेजारच्या गावाच्या हद्दीत उघडला. शाळेची वाट मोकळी झाली ही मोठी गोष्ट आहे, मी ती लहान मानत नाही. पण तळटीप, तुम्ही 'सोपी करा' म्हणता तेव्हा या दोन गोष्टी धरून लिहा: मोजणी झालेल्या मतांवर व्हावी, आणि मतदानाने बंद पडलेला परवाना दुसरीकडे नेता येऊ नये.

खडीसाखर

शिवारातली ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे शहरात वॉर्डालाही हे लागू आहे का?

तळटीप

हो, शहरात वॉर्डाच्या महिला मतदारांनाही लागू आहे. शिवाय २०२५ च्या मार्चमध्ये विधानसभेत जाहीर झालं की सोसायटीच्या व्यापारी गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा वाईन शॉप काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. सोसायटीत राहणाऱ्याला नकार द्यायचा हक्क एका कागदाने मिळतो आणि शिवारातलीच्या गावाला रात्री दारोदार फिरावं लागतं, हा फरक मला सहन होत नाही.

शिवारातली, या धाग्यावरून सरकारला द्यायचं एक निवेदन मी लिहिते आहे, तुमच्या दोन्ही मागण्या त्यात घेते. तिसरी एक घालते: ज्या भागातून हंगामी स्थलांतर होतं तिथे हंगामात मतदान लावू नये. वैनगंगा, जिल्ह्याची बंदी उठवायची तर आधी त्या जिल्ह्यातल्या महिलांचं मतदान घ्यावं, हेही घालते. पिणाऱ्याच्या परवान्याचा मुद्दा पहिला ठेवला होता, तो आता शेवटी नेते.

निवेदनाला आकडे लागतील. प्रत्येक जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा आहे: आतापर्यंत किती गावांत आणि वॉर्डांत आडव्या बाटलीचं मतदान झालं, तारीख काय, यादीत महिला किती, आल्या किती, आडवीला मतं किती, आणि बंद झालेल्या दुकानाचा परवाना आज कुठे आहे. अर्जाचा मसुदा उद्या इथेच टाकते. आपापला जिल्हा कोण घेतं ते लिहा. पुणे माझ्याकडे.

बोंडू

सिंधुदुर्ग मी घेतो.

शिवारातली

बीड माझ्याकडे. परवाना आज कुठे आहे हा प्रश्न अर्जात सगळ्यात वर ठेवा, नाहीतर त्याचं उत्तर गाळून बाकीचं पाठवतील.

वैनगंगा

आमच्या जिल्ह्यात दुकानच नाही, म्हणून मी चंद्रपूरचा अर्ज करते. २०२१ नंतर तिथे कोणत्या गावांनी मतदान मागितलं आणि त्यांच्या अर्जांचं काय झालं, ते वेगळं विचारेन.